उरलेला लगदा

मित्रांनो, मी एक जुनी रबराची वाटी आहे. माझ्यासारखीने स्वतःबद्दल सांगावं का, असा प्रश्न मला अजूनही पडतो. पण एकदा माझ्यामुळे एका बाईंचा जीव घाबराघुबरा झाला होता. ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका कारखान्यात साच्यातून बाहेर पडले, ती थेट दातांच्या दवाखान्यात आले. इथल्या डॉक्टरीणबाई दातांबरोबरच आजारात गेलेले नाक-कानही नकली बनवून देतात. त्यासाठी आधी चेहऱ्याचा ठसा घ्यावा लागतो. साचे करणारे काका माझ्यात गुलाबी पूड आणि पाणी भराभर घोटतात. तो मऊ लगदा चेहऱ्यावर पसरतात, वर आधाराचा ट्रे दाबून धरतात. चार मिनिटांत लगदा रबरासारखा घट्ट होतो. चेहऱ्यावरचा घट्ट झाला की नाही, हे कसं ओळखायचं? माझ्या तळाशी थोडा उरलेला असतो, त्यात बोट रोवून. बोट रुतलं नाही, की चेहऱ्यावरचाही झाला. एवढा माझ्यावर विश्वास! काका म्हणायचे, "घड्याळ चुकेल, पण ही नाही चुकायची."

मी चुकले.

त्या बाई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायच्या. आजारपणात त्यांचं नाक काढावं लागलं. तेव्हापासून तोंडावर पट्टी बांधून त्या मागच्या खोलीत काम करत. नवं नाक बसलं, तरच त्या पुन्हा खिडकीत बसणार होत्या. पहिल्या ठशाच्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर कापूस ठेवला, श्वासासाठी तोंडात नळी दिली. घाईत काकांनी मला हत्यारं उकळायच्या डब्याच्या झाकणावर टेकवलं. झाकण गरम होतं. माझ्यातला लगदा लवकर घट्ट झाला. काकांनी बोट लावलं आणि म्हणाले, "झालं!"

चेहऱ्यावरचा झाला नव्हता. ट्रे उचलला तसा ठसा फाटला. एक ओला तुकडा नाकाच्या पोकळीतून घशाकडे सरकला. बाई खोकत, धडपडत उठल्या. डॉक्टरीणबाईंनी तुकडा चिमट्याने काढला, तोवर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आठ दिवसांनी त्या आल्या, त्या नणंदेने ओढून आणल्या म्हणून. खुर्चीत बसतानाच म्हणाल्या, "आज शेवटचं. बिघडलं तर पट्टीवर जन्म काढीन."

"वहिनी, तू लोकांना खिडकीसमोर तास-तास उभं करायचीस," नणंद म्हणाली. "तुला चार मिनिटं जड झाली?"

"लोक थांबायचे, कारण गाडीला किती वेळ आहे ते मी सांगायचे. इथे मला कोण सांगतंय? अंधारात चार मिनिटं की चाळीस, काय कळतंय?"

काकांनी मला उचललं. हळूच म्हणाले, "बाई, मागच्या वेळी चूक माझी होती. आज वाटी तुमच्याच हातात देतो. बोटाने बघत राहा."

थंड पाण्यात लगदा घोटला गेला. डोळ्यांवर कापूस, तोंडात नळी. लगदा आत खोलवर जाऊ नये म्हणून नाकाच्या मोकळ्या जागेत कापडाचा बोळा. मग ट्रे दाबला आणि मला त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवलं. तळहात घामेजलेला होता. चेहऱ्याइतकाच उबदार असेल, असं मी मनाशी म्हणत होते. आज तरी माझं खरं ठरू दे!

त्यांनी डाव्या हाताचं बोट रोवलं. ते खोल रुतलं. नळीतून श्वास शिटीसारखा वाजू लागला. तोच हात वर येऊ लागला. हात वर म्हणजे थांबा, ट्रे काढा, आणि माझ्या काठावर टिचक्या म्हणजे घट्ट झालं, असं ठरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ट्रेची कड धरली. नणंद भिंतीला चिकटून उभी.

हात अर्ध्यावर थबकला. बोट पुन्हा माझ्यात आलं. आता ते थोडंसंच रुतलं. हात पुन्हा वर गेला नाही.

पुन्हा बोट. नुसता वळ उठला.

पुन्हा बोट. वळही नाही. तरी त्या थांबल्या. आणखी एकदा दाबून पाहिलं, मग माझ्या काठावर तीन टिचक्या मारल्या.

"अजून जरा..." काका बोलू लागले.

डॉक्टरीणबाईंनी ट्रेच्या कडेला बोट लावून पाहिलं. "नको. त्यांचं बरोबर आहे."

ठसा अखंड निघाला, गालावरच्या बारीक सुरकुत्यांसकट. तो सुकला तर आकसतो, म्हणून काका तसेच प्लॅस्टर ओतायला धावले. बाई उठून बसल्या, तरी मला सोडीनात.

"आता दे की ती वाटी," नणंद म्हणाली, "का डबा भरून नेणार आहेस?"

पुढचं मला नणंदेनेच सांगितलं, म्हणजे ती दाढ दाखवायला आली तेव्हा डॉक्टरीणबाईंना सांगत होती. वहिनी आता नवं नाक लावून खिडकीत बसते. गाडीला उशीर असला तरी लपवत नाही, सरळ सांगते.

आता प्रकाशाने माप घेणारं यंत्र आलं आहे. माझ्या काठाला चीर गेली आहे. तरी कधी लगद्याचाच ठसा घ्यावा लागला आणि कुणी फारच घाबरलं, तर डॉक्टरीणबाई मला फडताळातून काढून त्याच्या हातात देतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वाट्या वापरून झाल्या की लगेच धुवा, गरम जागी ठेवू नका. आणि डोळे मिटून थांबलेलं कुणी तुमच्यासमोर असेल, तर किती उरलंय ते त्याला सांगत जा. तुम्हालाच माहीत नसेल, तर निदान ज्यावरून कळेल, ते त्याच्या हातात द्या.