टॅटर्सलबाई आणि आमची एनिड

लहानपणी चर्चमध्ये आमच्या एनिडला माझ्या शेजारी बसू देत नसत. ती ओठ न हलवता काहीतरी पुटपुटायची, मी फिस्सकन हसायचे आणि मार मलाच बसायचा. अख्ख्या टॉडमॉर्डन गावात तिच्याइतकी गमतीदार बाई नव्हती. नॉरिसनं भर पावसात बसस्टॉपवर तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "हो म्हणते, पण बस आली तर बाकीचं उद्या." नॉरिस भाळला तो त्या जिभेवरच. चेहऱ्यानं आम्ही दोघी बहिणी बेताच्याच.

आणि त्याच जिभेचं त्या माणसानं वाटोळं केलं. हे मी आता त्याला तोंडावर ऐकवलेलं आहे, तेव्हा ही म्युरियल माघारी बोलते असं कुणी म्हणू नये.

नॉरिस गिरणीत कारकून होता आणि फावल्या वेळात लिहायचा. त्याची 'टॅटर्सलबाई' ही विनोदी मालिका टीव्हीवर लागली आणि देशभर गाजली. केस कुरळे करायच्या नळ्या डोक्यात गुंडाळलेली, हाताची घडी घालून दारात उभी राहणारी, नवऱ्याला येता-जाता फैलावर घेणारी बाई. तिची वाक्यं मात्र सगळी एनिडची. आता ते शेल्फच घ्या. नॉरिसनं स्वयंपाकघरात शेल्फ ठोकलं, ते एका अंगाला कललं. एनिड त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बरं केलंस. आता बरण्या आपणहून माझ्याकडे येतील." आम्ही तिघं पोट धरून हसलो. टीव्हीवर त्या नटीनं तेच वाक्य डोळे वटारून फेकलं, नवऱ्यानं मान खाली घातली आणि प्रेक्षकांनी घर डोक्यावर घेतलं. शब्द तेच होते हो, पण पाठीवरचा हात गेला होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मालिकेचं चित्रीकरण मँचेस्टरला व्हायचं, समोर प्रेक्षक बसवून. आधी एक माणूस येऊन लोकांना हसवून तयार करायचा. तो दर वेळी एनिडला पहिल्या रांगेत उभं करायचा आणि सांगायचा, ही बघा खरी टॅटर्सलबाई. सगळे तिच्याकडे बघून हसायचे. तीही हसायची, सगळ्यांत मोठ्यानं, कारण नवऱ्याचं काम होतं ना. मग गावातला खाटीक मटण बांधून देताना विचारायला लागला, नवऱ्याला यातलं काही मिळणार की नुसता वास? नॉरिसकडे लोक कीव आल्यासारखे बघायचे. तो बिचारा खुशीत असायचा.

हळूहळू एनिड गप्प होत गेली. भांडण नाही, रुसवा नाही. मीठ दे, दार लाव, पाऊस येतोय, एवढंच. तोंडातून काही निसटेल की काय म्हणून आधी तोलून बघायची आणि मग गिळून टाकायची. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पुढे विनोद आटले म्हणून मालिका बंद झाली. आटतील नाहीतर काय! नॉरिसला वाटलं, बायकोचं वय झालं. मला मात्र आता या वयात दुसरं काही नको होतं. आमच्यापैकी कुणी जायच्या आत एनिडनं एकदा काहीतरी वाह्यात बोलावं आणि मी हसावं, बस्स.

यंदा गावचा हॉल सांभाळणाऱ्या जेमाला ती मालिका कुठूनशी मिळाली. बुधवारी दुपारी म्हाताऱ्यांसाठी चहा आणि टॅटर्सलबाई असा बेत तिनं ठरवला, आणि लेखक म्हणून नॉरिसला बोलावलं. नॉरिसनं टायला इस्त्री केली. वाटेत मला म्हणाला, एकदा माणसांचं हसणं ऐकलं की झालं.

मोठ्या पडद्यावर मालिका सुरू झाली. मालिकेतले तेव्हाचे प्रेक्षक हसत होते, खदाखदा. बाहेर हॉलमध्ये चमच्यांचा आवाज. एक-दोघं जुनी ओळख पटल्यासारखे हसले आणि थांबले. शेल्फचा प्रसंग आला तेव्हा जेमानं मला अगदी मनापासून हळूच विचारलं, हा माणूस हिला सोडून का नाही जात? तेवढ्यात शेजारून हसू आलं. एनिड हसत होती. प्रत्येक जागेवर बरोबर, पूर्वी पहिल्या रांगेत हसायची तशीच. अख्ख्या हॉलमध्ये ती एकटी. नॉरिस पडद्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत बसला.

घरी येऊन आम्ही स्वयंपाकघरात बसलो. एनिडनं चहा ओतला. नॉरिसनं कपाला हात लावला नाही.

"एनिड, खरं सांग. ते कधी हसण्यासारखं होतं का गं?"

"इथे होतं," ती टेबलावर बोट ठेवून म्हणाली. "इथे बोलले तेव्हा होतं."

"आणि तिकडे?"

"तिकडे ती बाई तुझ्यावर चिडलेली होती, नॉरिस. मी कधीच चिडले नव्हते. तू हसावंस म्हणून बोलायचे मी. मग काहीही बोललं की ते गुरुवारी टीव्हीवर, आणि शुक्रवारी खाटकाकडे. म्हणून बोलणंच सोडलं."

नॉरिसचा चेहरा पडला. इतकी वर्षं त्याच्यावर जळफळले मी, पण तेव्हा त्याची खरंच दया आली. त्यानं तिचा हात धरला आणि मला कळलंच नाही गं, असं दोनदा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, खरंच कळलं नव्हतं त्या वेंधळ्याला. एनिडनं हात काढून घेतला नाही.

मग नाक पुसत, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "एक बरं झालं. कुणी उठून तरी गेलं नाही."

"जातील कसे?" एनिड म्हणाली. "निम्म्यांना उठता येत नाही, आणि उरलेल्यांना अजून बिस्किटं मिळायची होती."

ओठ न हलवता म्हणाली, चर्चमधल्यासारखं. मी फिस्सकन हसले, चहा नाकात गेला. नॉरिस तर खोकला येईपर्यंत हसला. आणि एनिड आम्हा दोघांकडे बघत होती, गाल लाल झालेले, पुढचं काहीतरी तिच्या जिभेवर आलेलं. मला ते दिसत होतं. देवा, किती वर्षांनी दिसत होतं.

नॉरिसनं डोळे पुसले. मान हलवली. मग मालिका लिहायला बसल्यासारखा टेबलावर बोटांनी ठेका धरत पुटपुटला, "बिस्किटं आधी घे. उठता येत नाही ते शेवटी. हशा तिथे येतो."

एनिडच्या चेहऱ्यावरचं सगळं विझलं.

त्यालाही कळलं. या वेळी कळलं, त्याच क्षणी. हात तोंडावर गेला त्याचा.

"नाही, नाही. तू म्हणालीस तेच बरोबर होतं. एनिड, पुन्हा म्हण ना. तुझं तू म्हण."

"काय म्हणाले होते बाई मी," एनिड कप गोळा करत म्हणाली. "आठवत नाही आता."

माझा कप अजून अर्धा भरलेला होता. तोही तिनं उचलून नेला.