पोटातल्या बाळाशी अबोला

मेधाला सातवा महिना लागला, तरी तिनं पोटातल्या बाळासाठी एकदाही प्रार्थना केली नव्हती. सासूबाई, चारुलताबाई, बाळंतपणासाठी धारहून देवासला आल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटले, तशी मेधा सरकून बसली.

"आई, बाळासमोर नको."

चारुलताबाईंनी हात मागे घेतला. पुन्हा ठेवला नाही.

पहिल्या मुलीच्या, चिऊच्या वेळी असं नव्हतं. मेधा हिंदी शाळेत शिकलेली, मराठी बायबल अडखळत वाचायची. तेव्हा सासूबाईंनीच सांगितलं होतं, "लेकराचा विश्वास पोटातच रुजतो. तू वाच. ते ऐकतं." मग दीपेश कारखान्यातून यायच्या आत मेधा ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची, ऐकून पाठ झालेली गीतं म्हणायची. चिऊ जन्मली, आणि गाणं सुरू झालं की ती रडायची थांबायची. बोलायला लागल्यावर जेवणाआधी आपणहून हात जोडायची. चार वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा तिला मेंदूज्वर झाला. इंदूरच्या दवाखान्यात ती म्हणाली, "मम्मी, येशूला सांग ना, डोकं दुखतंय." मेधानं सांगितलं. सांगतच राहिली. चिऊ गेली.

"वर कोणी ऐकतं, हे मी तिला खोटंच शिकवलं," मेधा नवऱ्याला एकदाच म्हणाली होती. "या बाळाला नाही शिकवणार." दीपेशनं वाद घातला नाही. रविवारी तो एकटाच चर्चला जायचा आणि आल्यावर तिथलं काही बोलायचा नाही. मेधानं मात्र बाळाशी बोलणंच सोडलं होतं. काहीही बोलायला गेली तरी शेवटी गोष्ट चिऊवर यायची, आणि चिऊवर आली की देवावर.

दीपेशच्या चुलत बहिणीचा, रुचीचा, साखरपुडा धारला होता. तिघंही गेली. सकाळी साडी नेसताना मेधाच्या लक्षात आलं, बाळ उठल्यापासून हललं नाही. ती साखरेचं गार पाणी प्यायली, डाव्या कुशीवर पडून राहिली. बाहेर बायका हसत होत्या. पोटात काहीच हलत नव्हतं.

"दीपेश," ती म्हणाली, "बाळ हलत नाहीये."

दीपेशनं पळत जाऊन रिक्षा आणली. "भिया, जल्दी चलो," एवढंच तो वाटेत रिक्षावाल्याला म्हणत राहिला.

दवाखान्यात नर्सनं पोटावर ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. नुसती खरखर. तिनं जागा बदलली, पुन्हा बदलली. मग "मैडम को बुलाती हूँ" म्हणून ती लगबगीनं गेली. दीपेशला कागद भरायला बाहेर बोलावलं. खोलीत सासूसुनाच उरल्या.

"आई, तुम्ही बोला देवाशी," मेधा म्हणाली. "मला येत नाही."

चारुलताबाई खुर्चीत बसून होत्या. "मला तरी कुठं येतंय, पोरी. चिऊ गेली तेव्हापासून मी नुसते ओठ हलवते. तुझ्या पोटावर हात ठेवला तो भीतीपोटी. वाटलं, आपण काही केलं नाही तर हेही जाईल."

मेधानं त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षं या बाईच्या विश्वासाचा तिला राग येत होता. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले.

"बाळा, मी मम्मी. मी तुझ्याशी बोलले नाही. तुला एक ताई होती, चिऊ. तिला मी सांगितलं होतं, हाक मारली की तो ऐकतो. तुला तेच कसं सांगू?" तिनं वर छताकडे पाहिलं. "आणि तू. यालाही नेणार असशील तर मला तोंडावर सांग. तू नाहीस असं मी रोज म्हणते आणि रोज तुझ्याशीच भांडते. मला दुसरं कोण आहे भांडायला? याला राहू दे. तुझ्या पाया पडते, याला राहू दे."

मग ती घाबरून थांबली. "आई, हे सगळं बाळानं ऐकलं असेल."

"ऐकू दे," चारुलताबाई म्हणाल्या. "एवढं खरं मी कधी बोलले नाही देवाशी."

डॉक्टर आल्या. बराच वेळ शोधून म्हणाल्या, "धड़कन है, पर बहुत धीमी." लगेच ऑपरेशन करावं लागलं. मुलगा झाला. तो रडला नाही. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि जगेल की नाही हे कितीतरी दिवस कोणी सांगेना. मेधा टाक्यांच्या दुखण्यासह काचेपाशी बसून राही. प्रार्थना जमली की करी. बहुतेकदा देवाशी भांडत बसे.

तो जगला. अशक्त होता, पण देवासला घरी आला. चर्चचे पाळक भेटायला आले आणि उपकारस्तुतीची प्रार्थना करू का म्हणाले.

"आभार मला अजून मानता येत नाहीत," मेधा म्हणाली.

"मग काय मागू?"

"आधी चिऊचं नाव घ्या. याच्यासमोर."

पाळकांनी मान खाली घातली. चारुलताबाईंनी आणि दीपेशनं डोळे मिटले. मेधानं मिटले नाहीत. बाळाचं टोपडं कानावर आलं होतं, तेवढं तिनं वर सरकवलं.