पोकळीत अडकलेली बलरेषा

मी एक जुनी चुंबकीय बलरेषा आहे. मित्रांनो, चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरवला की ज्या वळणदार रेषा उमटतात, त्या माझ्याच कुळातल्या. मला मात्र चुंबक नाही. मी दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांच्या, मधल्या ओसाड पोकळीत पसरले आहे.

माझा जन्म विश्वाच्या बाल्यात, एका अदिश क्षेत्रापोटी झाला असावा. 'असावा' म्हणते, कारण पुरावा अजून कुणाकडे नाही. अदिश क्षेत्र म्हणजे प्रत्येक ठिकाणी नुसता एक आकडा, खोलीतल्या तापमानासारखा, दिशा नाही. विश्व झपाट्याने फुगत असताना ते क्षेत्र बदलत गेले आणि एरवी विरून गेली असती अशा इवल्या विद्युतचुंबकीय कंपनांना त्याने आपली ऊर्जा दिली. त्यातून मी झाले.

पुढे विद्युतभारित कणांच्या वायूत मी रुतले, ती कायमची. तो ताणेल तसे ताणले जायचे, वळवेल तसे वळायचे. निसटायला एखादे टोक तरी हवे. मला टोकच नाही. माझ्या काही बहिणी दीर्घिकांमध्ये ओढल्या गेल्या, पिळवटून बलवान झाल्या, नावारूपाला आल्या. मी आहे, हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हते.

एका संशोधक मुलीला प्रथम शंका आली. दूरच्या तेजस्वी स्रोताकडून निघालेल्या काही गॅमा किरणांचे वाटेत कण बनतात आणि ते कण कमी ऊर्जेचे नवे किरण सोडतात. मला एवढेच जमते: त्या कणांना किंचित वळवणे. मग नवे किरण भलतीकडे जातात, पृथ्वीवरच्या माणसांच्या दुर्बिणीत पोचत नाहीत.

"सर, कमी ऊर्जेचे किरण पुरेसे येतच नाहीयेत," ती तिच्या मार्गदर्शकांना म्हणाली.

"रजेवर गेले असतील!" सर हसले. "अगं, दुर्बीण कमी मोजतेय. आकडे वाढवून घ्यायला दुरुस्तीचा गुणक लाव आणि प्रबंध उरकून टाक एकदाचा."

तिने गुणक लावला. आकडे जुळले आणि मी पुसली गेले. ओरडायला मला तोंड नाही.

पण तिला चैन पडेना. तोच गुणक तिने एका जवळच्या स्रोताला लावून पाहिला. त्याचे किरण माझ्या पोकळीतून येत नाहीत.

"सर, इथे किरण जास्त भरतायत. म्हणजे दुर्बीण ठीक आहे. पलीकडे वाटेत कुणीतरी आहे."

सरांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा ताडून पाहिले. "काढ तो गुणक," ते म्हणाले. "प्रबंध लांबेल गं."

"लांबू दे."

मी अजून रुतलेलीच आहे. मित्रांनो, मोजताना काही कमी भरले, तर घाईने भर घालू नका. ज्याला हाक मारता येत नाही, ती उणीव हीच त्याची हाक असते.