पायरीवरून समुद्र

आमच्या ह्यांना समुद्राचं वेड आहे आणि राहतो आम्ही देवासला. इथे टेकडी आहे, कारखाने आहेत, नळाला पाणी आलं तर आलं. म्हणून दरवर्षी मे महिन्यात हे सुट्टी टाकून कोकणात आजोळी जातात आणि त्या गावाचे फोटो काढून आणतात. गाव म्हणजे काय, तर एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. दोन हजार साली ह्यांनी त्या पट्टीची वेबसाइट काढली. बायकोचा धड एक फोटो घरात नाही, पण तिथल्या होड्या, जाळी, खेकडे, सगळं इंटरनेटवर आहे. कुवेतला गेलेली तिथली मुलं ते बघून ह्यांना मेल पाठवतात. त्या दिवशी ह्यांना दोन पोळ्या जास्त जातात.

दोन हजार सातला आमच्या अक्षदाचं लग्न त्याच गावात ठरलं. मुलगा प्रणव, ह्यांच्या बालमित्राचा, बळवंतरावांचा एकुलता एक. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. मुलगा गुणी, अक्षदाला पसंत. शनिवारी मंडळी साखरपुड्याला देवासला यायची होती.

बुधवारी शेजारच्या भवानीबाई म्हणाल्या, पोरीचं सासर तरी दाखव. मी कॉम्प्युटर लावला. बळवंतरावांच्या घराच्या पायरीवर उभं राहून हे दरवर्षी समोरच्या समुद्राचा एक फोटो काढतात. ते फोटो मी एकामागून एक दाखवत गेले.

"भियांनी कॅमेरा नवीन घेतला का गं?" भवानीबाई म्हणाल्या. ह्यांना त्या भिया म्हणतात. "समंदर कित्ता पास दिसून राहिला."

कॅमेरा बरीच वर्षं तोच होता. त्या गेल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. पहिल्या फोटोत पायरीपुढे अंगण, मग माडांची लांब रांग, मग वाळू आणि कुठेतरी लांब पाणी. यंदाच्या फोटोत दोनच माड होते आणि त्यांच्या मुळांशी फेस.

हे कारखान्यातून आले तसं मी चहाही न देता विचारलं.

"भरतीची वेळ असेल," बूट काढत हे म्हणाले. "समुद्र येतो-जातो, अलका. तुम्हा माळव्याच्या लोकांना काय कळणार."

"भरती माड खाते का?"

ह्यांनी हातातला बूट खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मी ते वेबसाइटवर लिहिलं तर त्या गावात मुलगी कोण देईल? आधीच देत नाहीत."

"म्हणून आपली द्यायची?"

"इतकी वर्षं मी जगाला ते गाव दाखवतोय. मीच दिली नाही, तर त्या लोकांनी काय समजायचं?"

मला इतका राग आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. रागापेक्षा भीती जास्त होती. आत अक्षदा नव्या साडीला फॉल लावत गुणगुणत होती. तिला काय सांगू, हेच मला कळेना. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

गुरुवारी हे कामावर गेल्यावर, लग्न मोडायचंच असं ठरवून मी फोन लावला. प्रणवच्या आईनी, सावित्रीबाईंनी उचलला.

"विहीणबाई, तुमच्या पायरीपासून समुद्र किती लांब आहे हो?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"पावसाळ्यात न्हाणीघरापर्यंत येतो," त्या म्हणाल्या. "कुणीतरी विचारावं म्हणून मी वाटच बघत होते."

"मग माझ्या मुलीला..."

"तिला इथे पाठवूच नका. लग्न करून द्या आणि प्रणवला तिकडेच ठेवून घ्या. कारखान्यात कुठेतरी चिकटवा. माझ्या सांगण्यावरून तो आम्हाला सोडून जायचा नाही. बायकोसाठी जाईल."

"आणि तुम्ही दोघं?"

"आमचे हे घर सोडायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि एक करा, तुमच्या ह्यांना इतक्यात सांगू नका. त्यांना फार लागेल."

लग्न मोडायचं बोलणं मी तसंच बाजूला ठेवलं.

"शनिवारी या," मी म्हटलं. "येताना प्रणवची सगळी सर्टिफिकेटं आणा."