नाक स्पष्ट, डोळे धूसर

मी एक जुनी लेन्स आहे मित्रांनो, मुठीत मावेन एवढी. दूरचं जवळ ओढून आणायची विद्या मला येत नाही. कुणाला जवळून बघायचं असेल, तर मला धरणाऱ्यानेच दोन पावलं पुढे जायचं. पण उजेड प्यायला मी अशी वस्ताद, की माझ्या फोटोत चेहरा उठून दिसतो आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं.

कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या आणि मी आले एका स्टुडिओतल्या ताईच्या हाती. "डोळे बघा, नुसते बोलतायत!" असं लोक म्हणत. कौतुक तिचं असे. त्यातलं चिमूटभर मी ढापत असे.

मग ताईला बाळ झालं आणि मी कपाटात गेले. तिचा कॅमेराही त्यातच बंद पडला. पुढे स्टुडिओच्या मालकीणबाईंचा फोन आला, "येतेस ना परत कामाला?" तेव्हा ताईने नणंदेचा जुना कॅमेरा मागून घेतला आणि मला त्यावर बसवलं. माझं नवं सासरच म्हणा ना!

सरावाला घरचं बाळ होतंच. ताईने त्याच्या डोळ्यावर नेम धरला, मी गुर्र करून फिरले, फोटो निघाला. नाक लख्ख, पापण्या धूसर! दुसरा काढला, तिसरा काढला. तेच.

ताईने कॅमेरा खाली घेतला. "माझा हातच गेला. नाही म्हणून कळवून टाकते त्यांना."

"अगं, तू अजून डुलतेयस," नवरा हसला. "बाळ माझ्या कडेवर आणि झोके तू खातेयस!"

खरंच की! बाळाला थोपटून थोपटून तिला उभ्या उभ्या डुलायची सवयच लागली होती. माझ्या फोटोत स्पष्ट भाग असतो जेमतेम बोटभर. झोका गेला की डोळे त्यातून निसटणारच. मलाही पटलं.

नणंद मात्र चिकित्सक. "पण वहिनी, डुलणारं माणूस पुढे जातं तसं मागेही जातं. मग दर वेळी नाकच कसं? एखाद्या फोटोत कान नको का स्पष्ट यायला?"

ताईने मान वर केली. लगेच पुस्तकांची चळत रचून तिने कॅमेरा त्यावर ठेवला, समोर मोजपट्टी तिरपी टेकवली आणि मधल्या आकड्यावर नेम धरला. स्पष्ट आला अलीकडचा आकडा! मग तोच नेम तिने झरोक्याला डोळा न लावता कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर बघून धरला. आता मधला आकडा लख्ख!

त्याचं असं आहे. कॅमेऱ्यात आरसे असतात. त्यांच्यावरून खाली वळलेला उजेड मोजून कॅमेरा मला सांगतो, "थांब, इथेच." फोटो मात्र आरशांच्या मागे उमटतो. दोन्ही वाटा तंतोतंत सारख्या हव्यात; माझ्या आणि या कॅमेऱ्याच्या जोडीत केसभर फरक होता. पडद्यावर बघताना आरसे बाजूला होतात, म्हणून तेव्हा नेम चुकत नव्हता.

"म्हणजे मी नाही चुकत?" ताईने हळूच विचारलं.

"नाही हो! या लेन्सचं आणि कॅमेऱ्याचंच आपसात पटत नाहीये," नणंद म्हणाली.

तो फरक भरून काढायची सोय कॅमेऱ्यातच होती. ताईने नेमाची जागा थोडी थोडी मागे सरकवत, पुन्हा पुन्हा पट्टीवर बघत आमचं जुळवून दिलं. मग बाळाचा फोटो काढला. पापणी न् पापणी मोजून घ्यावी! बुबुळात खिडकी उमटली होती आणि खिडकीपुढे इवलीशी ताई.

तिने फोन उचलला. "बाई, सोमवारी येते."

मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसा, मला दमट कपाटात कोंडू नका. आणि काही बिघडलं, तर स्वतःवर किंवा दुसऱ्यावर खापर फोडण्याआधी एकदा "असं का?" एवढं विचारा.