शेतकरी मंडळ आईच्या झाडांपाशी आलं तेव्हा

इथे वसतिगृहात रोज संध्याकाळी उकडलेली सफरचंदं वाढतात. चव कशाचीच नसते, पण पहिल्या घासाला मी गेल्या सप्टेंबरातल्या आमच्या ओसरीवर जाऊन पोचते. त्या दिवशी शेतकरी मंडळ आमच्याकडे आलं होतं.

मंडळात बारा शेतकरी. दर महिन्याला एकाच्या शेतावर जायचं, बांध न् बांध पायी फिरायचा, मग ओसरीवर बसून दोष सांगायचे. ते सांगून होईपर्यंत यजमानानं तोंड उघडायचं नाही. आणि वहीत जे लिहिलं जाईल ते त्यानं वर्षभरात करायचंच. नाही केलं तर हसत हसत आठवण करून देतात, पण जन्मभर.

आमचं कुंपण कललेलं निघालं, शेणखत उघड्यावर भिजत पडलेलं निघालं. एनॉक पेनरोज आमच्या डुकरांकडे बघून म्हणाला, की ही खाण्यापेक्षा विचारच जास्त करतात. बाबासुद्धा हसले.

मग सगळे घरामागं आले. तिथे सफरचंदाची नऊ झाडं होती, आईनं लग्नाच्या वर्षी लावलेली. आई जाऊन चार वर्षं झाली होती. एनॉकनं एका बुंध्यात चाकू खुपसला, तर भुसा बाहेर पडला. खोडकिडा. झाडं काढून टाकावीत, गवत लावावं, असं त्याचं मत पडलं आणि माना डोलल्या. बाबा हातातल्या टोपीकडे बघत राहिले. नियम म्हणजे नियम.

ओसरीवर मंडळाच्या चिटणिसानं, मॉर्डेकायनं, वही उघडली, लेखणी शाईत बुडवली. मी कॉफी ओतत होते. किटली खाली ठेवली.

"एनॉक, गप्प राहायचा नियम यजमानाला आहे. त्याच्या मुलीला नाही."

आमच्या पंथात लहानथोर सगळ्यांना नावानं आणि 'तू'च म्हणतात.

"बोल की, तबिथा," एनॉक म्हणाला. "पण रडून झाडं बरी होत नाहीत हं."

"रडतंय कोण? तुझ्या चाकूला ओला भुसा लागलाय. हा किडा मेलेल्या लाकडात राहत नाही, म्हणजे खोड जिवंत आहे. मी भोकात तार घालून एकेक अळी काढीन. आईची झाडं आहेत ती. मला एक वर्ष द्या."

कुणीच बोललं नाही. आमच्या प्रार्थनासभेत अशी शांतता पसरली तर कुणाची हरकत नाही असं धरतात. पण ती पुरती पिकू द्यावी लागते. कॉफीवर साय धरली. लेखणीवरची शाई वाळली.

शेवटी एनॉकनं दाढी खाजवली. "तारेचं टोक आकड्यासारखं वाकव. सरळ तार नुसती टोचते, अळी बाहेर येत नाही."

मॉर्डेकायनं लेखणी पुन्हा बुडवली आणि तेवढंच लिहिलं.

मग यजमानाची पाळी आली. बाबा उभे राहिले. चार वर्षांत आईचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

"त्या झाडांचे खड्डे रिबेकानं एकटीनं खणले," ते म्हणाले. "मला म्हणाली, तुझे खड्डे उथळ असतात." आणि खाली बसले.

नऊपैकी दोन झाडं थंडीत गेलीच. सात उभी आहेत. मी इथे आल्यापासून तार बाबांच्या हातात असते. ते पत्रात लिहितात, रिबेकाच्या तिसऱ्या झाडातून आज अकरा अळ्या निघाल्या.