शेवंतीची रात्र

मी मखमलाबाद रस्त्याच्या वळणावरचा एक जुना दिवा आहे, मित्रांनो. आता काच धुरकटली आहे. पण दोन हजार सालाच्या सुमारास मला खांबावर चढवले, तेव्हा माझा केवढा थाट होता! शेजारच्या मळ्यातल्या रंगूबाईंनी खांबाला हळदकुंकू लावले. मी लागलो की त्या हात जोडत. त्यांची लेक छाया कंपनीतून अंधार पडल्यावर परते. ती आता वळणावर धावत नसे.

माझा पिवळा उजेड मळ्यातही पडायचा. उजेड काय, कोणाला नकोसा होतो का?

पण त्या वर्षी नवरात्र तोंडावर आले, तरी मळ्यातली शेवंती कळी धरेना. नुसता पाला माजला.

"तुझ्या भावानं रोपंच खोटी दिली," रंगूबाईंचे नवरे भिमाजी त्यांच्यावर डाफरले.

"माझ्या माहेरावर नका घसरू. त्याच्याकडं याच रोपांना लय कळ्या हायेत."

एका संध्याकाळी रंगूबाई विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे गवत काढत होत्या. तेवढ्याच तुकड्यात कळ्या गच्च होत्या. इतक्यात मी लागलो, आणि खोलीची सावली नेमकी त्याच तुकड्यावर पडली. सावलीबाहेर एक कळी नाही! त्यांनी माझ्याकडे पाहिले. हात जोडले नाहीत.

"अहो, लांब काळोख मिळाल्याबिगर शेवंती कळी धरत नाय. या दिव्यानं आपल्या शेवंतीची रात्रच खाल्ली!"

हाकेसरशी आलेल्या भिमाजींनी बांधावरचा धोंडा उचलला. रंगूबाई आडव्या आल्या. "लागता दिवा फोडू नये, घराचं वाटोळं होतं."

"मग आता काय ऱ्हायलंय?" त्यांनी हात मागे नेला.

तेवढ्यात छाया वळणावर आली. "फोडा बाबा. पण दिवा नव्हता तेव्हा इथं माझ्यामागं कोण लागायचं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाय."

भिमाजींचा हात तसाच राहिला. मग धोंडा टाकून ते बांधावर बसले.

दुसऱ्या दिवशी उन्हात त्यांनी तेलाचा डबा उभा कापून माझ्या मळ्याकडच्या बाजूला बांधला. मला ती घोड्याच्या डोळ्यावरची झापड वाटली, रागही आला. पण संध्याकाळी पाहतो तर छायाची वाट लख्ख, आणि कुंपणापलीकडे गार काळोख.

दसरा हुकलाच. दाराला विकतचे तोरण लागले. शेवंती फुलली ती मार्गशीर्षात, गुरुवारच्या पूजेला.

मित्रांनो, दिवे जरूर लावा. कोणाच्या लेकीने अंधारात जीव मुठीत धरून चालू नये. पण उजेड कुठवर जातो, तेही बघत जा. रात्रही देवानेच दिली आहे. ती पुसायला मला कोणी सांगितले नव्हते. पलीकडच्या नव्या इमारतींवर आता माझ्याहून मोठे दिवे लागले आहेत, आणि त्यांची तोंडे मळ्यांकडेच आहेत.